पल्याडचा

आमच्याकडे वसंतात पहिलं पीक येतं धोंड्यांचं.
हिवाळाभर जमीन गोठते, फुगते,
पोटातले एकेक वर लोटते:
बटाट्याएवढे, डोक्याएवढे, मधूनच एखादा वासराएवढा.
सामूहिक शेतीच्या दिवसांत शाळेला सुट्टी देऊन
आम्हा पोरांना वेचायला लावत.
बोटं सोलायची. बांधावर ढीग वाढायचा.
पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच.

तो मात्र कुणाच्या बादलीत मावणारा नव्हता.
एस्टोनियाच्या उत्तर काठावर, आमच्या गावाखाली,
अर्धा वाळूत, अर्धा समुद्रात,
दुधाच्या कोठारापेक्षा उंच.
रात्री त्याच्या माथ्यावर शिपाई बसायचा, दिवा फिरवायचा.
संध्याकाळी वाळूवरून दाताळं ओढायचे,
पाऊल उमटलंच तर सकाळी दिसावं म्हणून.
गावातल्या होड्या करवतीने मधोमध कापलेल्या.
एकीत आम्ही कोंबड्या ठेवल्या होत्या.

त्रेसष्ट साली लेनिनग्राडहून एक माणूस आला,
परवाना छातीशी धरून, हातोडी घेऊन.
दोन कपचे उडवले, एक चाटला, भिंगातून पाहिला.
म्हणाला, हा इथला नव्हेच.
तुमच्या पायाखाली सगळी चुनखडी,
आणि हा बघा, गुलाबी, अंगभर डोळे असलेला.
हा पल्याडचा. फिनलंडचा.
मैलभर जाड बर्फाने ओढत आणला
आणि वितळताना इथं विसरला.

शिपायाने खाली बघितलं,
आपण कशावर बसलोय ते.

माझी आई, एल्फ्रीडे, दुधाचा हिशोब लिहायची.
'पल्याड' हा शब्द तिने वीस वर्षं तोंडातून काढला नव्हता,
त्रेचाळीसच्या नोव्हेंबरात मामा,
आर्वेद, वल्ही फडक्यांत गुंडाळून निघाला
त्या रात्रीपासून.
तिने दुसरा कपचा उचलला, एवढंच विचारलं:
बर्फ रोज किती चालायचा?
कसं सांगू, तो म्हणाला. हातभर धरा.

रात्री दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर
तिने ऐंशी किलोमीटरांना हातभराने भागलं.
चारशे अडतीस वर्षं, वर एकशे तीस दिवस.
पेन्सिल कानामागे खोचली, म्हणाली,
म्हणजे आर्वेदला उशीर झाला असं
अजून कुणाला म्हणता येत नाही.

ती गेल्यावर, सीमा उघडल्यावर, मी बोटीने गेले.
अडीच तास. लोक बिअर पीत होते.
खिशात तो कपचा.
कस्टमवाल्याने विचारलं, काही आणलंय का?
म्हटलं, आणलंय, पण तुमचंच आहे.
त्याला गंमत वाटली.
तिकडे त्या खडकाला सडका दगड म्हणतात,
कडेला बोट लावलं की रवाळ भुगा होतो.
एवढा मोठा तुकडा गेल्याची कुठे खूण नाही,
खड्डा नाही, नोंद नाही.
आर्वेदचीही नव्हती.
कपचा मी तिथं ठेवला,
दहा पावलं जाऊन मागे वळले
तर इतरांतून तो ओळखू येईना.

आता त्या माथ्यावरून पोरं समुद्रात उड्या मारतात.
त्याच्या पाठीवर लांब ओरखडे आहेत, बर्फाचे,
डोळे मिटूनही बोटाने वाचता येतात.
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात,
ही गुलाबी दगडावरची, उत्तरेकडून दक्षिणेकडे.
वही अजून माझ्यापाशी आहे.
तिच्या हिशोबाने तीनशे अठ्ठावन्न वर्षं उरतात.

यंदा बार्ली पेरायच्या आधी
कोठारामागे एक नवा वर आलाय,
बसक्या टोपीएवढा, सगळा दिसत नाही अजून.
मी कुदळ आणली नाही.